समुद्र बारमाही, आपण हंगामी

गेल्या महिन्यात एका रविवारी सकाळी, चहाचा दुसरा कप आणि पुरवणीतले शब्दकोडे असा माझा निवृत्तीतला थाट चालू असताना, फोन वाजला. मालवण तालुक्यातल्या किनाऱ्यावरच्या एका गावातून होता. गावाचे नाव देत नाही, कारण बोलण्यात कर्जाचा विषय होता आणि कर्जाची बातमी चारचौघांत जाऊ नये, ही बँकेतली सवय अजून सुटलेली नाही. फोन करणारा पंचेचाळिशीचा गृहस्थ. मी त्याला पहिल्यांदा पाहिले तेव्हा तो दुसरीत होता.

"सायबानू, सहा खोल्यो बांधूचो इचार आसा," तो म्हणाला. "ए.सी. घालतलंय. बँक कर्ज देता. काढू काय?"

नोकरीतली पस्तीस वर्षे मी अशा प्रश्नांना उत्तरे देण्याचाच पगार घेतला. कागद समोर आला की जागा, तारण, उत्पन्न आणि हप्ता या चार रकान्यांत माणूस बसवायचा आणि हो किंवा नाही म्हणायचे. या वेळी मात्र 'आठवड्याने सांगतो' म्हणालो. फोन ठेवण्यापूर्वी एवढेच विचारले, की आता ज्या दोन खोल्या तू पाहुण्यांना देतोस, त्या गेल्या वर्षी किती दिवस भरल्या होत्या? त्याने वही काढली. मे महिन्यातले २२ दिवस, दिवाळीनंतरचे ६, डिसेंबरअखेरचे ९ आणि अधूनमधून एखादा शनिवार-रविवार. सगळे मिळून पन्नासच्या आत. वर्षाचे दिवस ३६५ आणि कर्जाचे हप्ते १२.

"बाकीचे दिवस दर्यो खंय जाता, सायबानू?" तो हसत म्हणाला. त्याने गमतीत विचारले, पण आठवडाभर तोच प्रश्न माझ्या डोक्यात फिरत राहिला. समुद्र कुठेच जात नाही. आपणच फिरकत नाही.

आपली जाण्याची रीत कशी असते पाहा. मुलांच्या परीक्षा संपल्या की मे महिन्यात एकदा, आणि वर्ष संपताना ३१ डिसेंबरला एकदा. शुक्रवारी रात्री निघायचे, शनिवारी दुपारी सुरमईची थाळी, संध्याकाळी तारकर्लीच्या वाळूत सूर्यास्त, रविवारी सकाळी सिंधुदुर्ग किल्ला, दुपारी पुन्हा एकदा थाळी, येताना सोलकढीसाठी आगळ आणि काजूची पाकिटे. सोमवारी कचेरीत कोणी विचारले तर आपण म्हणतो, "मालवण झालं आमचं." या 'झालं'मध्ये सगळे आले. काश्मीर झालं, केरळ झालं, तसे मालवण झालं. जे एका वर्षात सहा वेळा वेगळे होते, ते आपण दीड दिवसात उरकून आलेलो असतो.

हे मी वरच्या पायरीवर उभा राहून सांगत नाही. समुद्राला सरळ रेषेत बसवण्याची चूक मीही केली आहे, आणि तीही सही-शिक्क्यानिशी.

१९८६ साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, माझी त्या भागातल्या एका शाखेत बदली झाली. मी मूळचा साताऱ्याकडचा, घाटावरचा. आमच्याकडे पाणी म्हणजे नदीचे नाहीतर पाटाचे, आणि दोन्ही ठरलेल्या दिशेने जाते. सिंधुदुर्ग जिल्हा रत्नागिरीतून वेगळा होऊन पाच वर्षे झाली होती. कोकण रेल्वे पूर्ण धावायला अजून बारा वर्षे होती; ती धावली जानेवारी १९९८ मध्ये. एस.टी.ने घाट उतरून गेलो आणि पहिल्याच महिन्यात या फोनवाल्याच्या वडिलांचे प्रकरण समोर आले. ते तांडेल, म्हणजे होडीवरचे प्रमुख. जाळी आणि इंजिन यांसाठी कर्ज हवे होते. मी मोठ्या उत्साहाने ते मंजूर केले आणि दर महिन्याच्या दहा तारखेला सारखा हप्ता बांधून दिला. जून आला, हप्ता आला नाही. जुलै आला, हप्ता आला नाही. मी स्मरणपत्र पाठवले.

तांडेल भर पावसात शाखेत आले. पत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेले. टेबलावर ते ठेवून म्हणाले, "सायबानू, दर्याक पगाराची तारीख नसता." मला ती सबब वाटली. तेव्हा त्यांनी मला छत्रीत घेतले आणि किनाऱ्यावर नेले. ओळीने होड्या वर ओढलेल्या, त्यांच्यावर नारळाच्या झावळ्यांचे विणलेले झाप. समोरचा समुद्र चहाच्या रंगाचा आणि लाटा अशा की उभ्या जागी पायाखालची वाळू हलावी. आम्ही पाच मिनिटे उभे राहिलो. ते काही बोलले नाहीत. मलाही बोलण्यासारखे काही उरले नव्हते. शेतीच्या कर्जाला सुगी पाहून हप्ता बांधायचा, हे मला शिकवले होते. पाण्यालाही सुगी असते, हे कोणी शिकवले नव्हते. पुढच्या वर्षी मी वरच्या कचेरीशी पत्रव्यवहार करून ऑक्टोबर ते मे असे हप्ते करून घेतले. एकही थकला नाही.

त्या तीन वर्षांत तांडेलांनी आणि त्यांच्या घरच्या काकींनी मला किनाऱ्याचे वर्ष शिकवले. ते वर्ष जानेवारीत सुरू होत नाही, पावसाने सुरू होते. म्हणून मीही तिथूनच सांगतो.

पाऊस. जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात तो तळकोकणात उतरतो आणि चार महिन्यांत सुमारे तीन हजार मिलिमीटर पडतो. यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते; माशांच्या विणीचा तो काळ, आणि दर्याही तसा कोणाला आत घेत नाही. किल्ल्याकडे जाणाऱ्या होड्याही बंद. मग पाहायचे काय, असे तुम्ही विचाराल. पाहायचा तो हा बंद समुद्र. सुरक्षित अंतरावर, पायही न भिजवता. हे अगदी बजावून सांगतो. पावसाळी समुद्रात 'जरा गुडघ्यापर्यंत' असे काही नसते. रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या त्याची गाज ऐकावी. उन्हाळ्यात जो समुद्र पार्श्वसंगीतासारखा वाटतो, तो जुलैत घराच्या भिंतीपर्यंत येऊन बोलतो.

आणि जेवावे. ताजी सुरमई नसते, हीच मजा. काकींच्या घरी पावसाळ्यात कुळथाची पिठी आणि उकडा भात, निखाऱ्यावर भाजलेला सुका बांगडा, सुकटीची चटणी, टाकळ्याची भाजी असे जेवण असे. पहिल्या पावसात शेतात चढणीचे मासे मिळाले तर त्याचा वेगळाच सण. मे महिन्यात वाळवून ठेवलेल्या मासळीचा वास घरभर असतो, तो शहरी नाकाला पहिले दोन दिवस झोंबतो. तिसऱ्या दिवशी भूक लागते. भाताची लावणी चालू असते. अंगणाच्या कडेला जाळी विणत, दुरुस्त करत बसलेल्या माणसाला बोलायला वेळ असतो. मे महिन्यात त्याच माणसाला तुमच्याकडे मान वर करून पाहायलाही फुरसत नसते. हल्ली पावसाळी सहलीची हौस वाढली आहे खरी, पण ती सारी आंबोलीच्या एका धबधब्याखाली जमते. तिथून पुढे घाट उतरून किनाऱ्याला येणारे थोडेच.

श्रावणात पाऊस उघडझाप करू लागतो आणि नारळी पौर्णिमा येते. मालवणच्या बंदरावर त्या दिवशी जावे. किल्ल्यावरचा मानाचा नारळ आधी, मग शहरातल्या व्यापाऱ्यांचे, मच्छीमारांचे नारळ समुद्राला. बाजारात नारळ लढवण्याच्या पैजा लागतात. एकाचा नारळ दुसऱ्याच्या नारळावर आपटायचा, फुटेल तो हरला. बायकांच्याही स्पर्धा होतात आणि त्यांतला आवेश बघण्यासारखा असतो. पण त्या गर्दीतही एक गोष्ट ध्यानात येते. ज्याच्यावर पोट आहे, त्याला पहिल्यांदा काहीतरी द्यायचे आणि मगच त्याच्याकडे मागायला जायचे, हा हिशोब ज्या माणसांचा आहे, त्यांना कर्ज द्यायला मला पुढे कधी भीती वाटली नाही.

याच दिवसांत किनाऱ्याकडे पाठ करून जरा सड्यावर जावे. सडा म्हणजे जांभ्या दगडाचे उघडे पठार. उन्हाळ्यात तव्यासारखे तापलेले ते काळे कातळ ऑगस्ट-सप्टेंबरात फुलांनी भरते. निळी इवली सीतेची आसवे, पिवळा कवळा. मालवण तालुक्यातल्या कुडोपीच्या सड्यावर माणसाने फार प्राचीन काळी कोरलेली कातळशिल्पे आहेत. कोकणातल्या अशा काही जागांचा २०२२ साली युनेस्कोच्या संभाव्य यादीत समावेश झाला, त्यात कुडोपीही आहे. आपण पडीक म्हणून ज्या जमिनीवरून गाडी भरधाव नेतो, ती जमीन कोणीतरी हजारो वर्षांपूर्वी पाटीसारखी वापरली होती.

भाद्रपदात गणपती. तेव्हा मात्र माझा सल्ला उलटा आहे. ओळख असेल, बोलावणे असेल तरच जा. गिऱ्हाईक म्हणून जाऊ नका. मुंबईचे चाकरमानी घरोघर परतलेले असतात, रेल्वेत पाय ठेवायला जागा नसते आणि रात्रभर एका घरातून दुसऱ्या घरात भजने चालू असतात. गणपतीच्या डोक्यावर माटवी बांधतात. तिला कवंडाळ, शेरवड, हरण, नारळ, सुपारी असे रानातले आणि परसातले जे असेल ते टांगतात. त्या एका चौकटीत त्या महिन्याचे सगळे रान येते. शहरातल्या मुलाला वनस्पतिशास्त्र शिकवायचे तर मी त्याला माटवीखाली बसवीन.

ऑक्टोबरात ऊन चटके देते, भाताची कापणी चालते, होड्या पुन्हा पाण्यात असतात. आणि नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत जो समुद्र असतो, त्यासाठी खरे म्हणजे आपल्या सगळ्या रजा राखून ठेवायला हव्यात. पाणी निवळलेले असते. मी तिथे असतानाच, १९८७ साली, मालवणच्या समुद्राचा २९.१२ चौरस किलोमीटरचा भाग सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाला. तेव्हा त्याचा अर्थ आम्हाला कोणालाच नीट कळला नव्हता. पुढे माणसे पाण्याखाली बुडी मारून पाहू लागली, तेव्हा कळले की किल्ल्याच्या आसपास आपल्या नकळत प्रवाळांची एक बाग होती. ती पाहायला जरूर उतरा, प्रशिक्षित माणसाबरोबर उतरा, आणि प्रवाळावर पाय ठेवू नका. तो दगड दिसतो, पण जिवंत असतो.

किल्ल्यावर जायचे तेही या दिवसांत आणि पहिल्या होडीने. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी शिवाजी महाराजांनी कुरटे बेटावर मुहूर्त केला आणि १६६७ पर्यंत किल्ला उभा राहिला, हे पाठ्यपुस्तकात असते. पण चारी बाजूंना खारे पाणी असताना आतल्या दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव या विहिरींना गोडे पाणी लागते, हे तिथल्या विहिरीचा गार घोट पोटात गेल्याशिवाय खरे वाटत नाही. जागा निवडणाऱ्याची नजर काय असेल!

हिवाळ्यात पहाटे उठून किनाऱ्यावर रापण पाहावी. होडीने समुद्रात अर्धवर्तुळ करून जाळे टाकतात आणि त्याची दोन टोके किनाऱ्यावरून दोन रांगा ओढत आणतात. तास-दोन तास चालणारे काम. शेवटी जाळे वाळूवर येते तेव्हा आत चांदी सांडल्यासारखे बांगडे-तारले, किंवा कधी नुसताच कचरा. मासळीचे वाटे पडतात. जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, हातांचा वाटा. एकदा मीही हौसेने दोराला हात लावला होता. माझे ओढणे म्हणजे ओझेच, पण तांडेलांनी माझ्याही हातावर चार बांगडे ठेवले. "दोराक हात लावलास ना?" म्हणाले. सहकाराच्या कायद्याची परीक्षा मी पास झालो होतो. सहकार मला त्या चार बांगड्यांनी कळला. आता मोठ्या यांत्रिक जाळ्यांपुढे रापण मागे पडत चालली आहे. जी आहे ती पाहून घ्या, आणि जमले तर हात लावा.

संध्याकाळी उत्तरेकडून आलेले पाहुणे, कुरव पक्षी, वाळूवर थवे करून बसलेले असतात. काळोख्या रात्री नशीब असेल तर लाट फुटताना निळी उजळते. पाण्यातल्या सूक्ष्म जिवांचा तो प्रकाश. आणि गावोगाव जत्रा सुरू झालेल्या असतात. देवाची पालखी फिरली की मध्यरात्रीच्या सुमाराला दशावतार उभा राहतो. नेपथ्य म्हणजे एक बाकडे. संहिता नाही, हार्मोनियम, पखवाज आणि झांज. दिवसा आपली पेटी स्वतः डोक्यावर वाहून आणणारा माणूस रात्री राजा होतो आणि पहाटे दहीकाल्यापर्यंत राजाच राहतो. थंडीत घोंगडी लपेटून, गरम भजी खात, मातीवर बसून पाहिलेला दशावतार ज्याच्या खात्यात नाही, त्याने मराठी नाटकाविषयी फार बोलू नये, असे माझे वैयक्तिक मत आहे.

माघ-फाल्गुनात मसुऱ्याजवळच्या आंगणेवाडीची भराडीदेवीची जत्रा. तिची तारीख कॅलेंडरवाला ठरवत नाही, देवीचा कौल ठरवतो. महाशिवरात्रीला देवगड तालुक्यात, समुद्राच्या काठावरच, कुणकेश्वर. मग शिमगा. आणि याच सुमाराला वेंगुर्ले तालुक्यातल्या वायंगणीसारख्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले वाळूतून वर येतात. मादी रात्री येऊन शंभराच्या आसपास अंडी घालून निघून जाते. दीड-दोन महिन्यांनी पिल्ले बाहेर पडतात आणि कोणी न सांगता पाण्याच्या दिशेने चालू लागतात. पूर्वी ही अंडी खाल्ली जात, विकली जात. आता तिथलीच माणसे रात्री जागून घरट्यांची राखण करतात. नातवंडांना घेऊन एकदा पाहा. हातभर लाटेने मागे फेकलेले पिल्लू पुन्हा उलटे फिरून चालू लागते, ते पाहिल्यावर मुलांना वेगळे बोधामृत पाजावे लागत नाही.

चैत्रात ओल्या काजूगरांची उसळ. मग करवंदे, जांभळे, फणस, कोकम. आणि हापूस. देवगडच्या ज्या पेटीवर आपण मे महिन्यात भाव करतो, तिचा मोहर थंडीत येतो, आणि धुके, ढग, तुडतुडे यांच्याशी बागायतदार चार महिने झुंजत असतो. आंबा पाहायला मे महिन्यात जाणे म्हणजे कादंबरीचे शेवटचे पान वाचण्यासारखे आहे. एकदा जानेवारीत मोहराच्या वासात बागेतून चालून या; मग भाव करताना जीभ जरा अडखळेल.

असे हे वर्ष. यात आपण येतो कधी? तर अगदी शेवटी, सगळे एकदम. मे महिन्यात विहिरी तळाला गेलेल्या असतात. नेमके तेव्हाच प्रत्येक खोलीत दिवसाला दोन-दोन अंघोळी करणारी, समुद्रातून आल्यावर तिसरी करणारी चार माणसे येतात. किनाऱ्यालगत पाणी जास्त उपसले की गोड्या पाण्यात खारे शिरते आणि विहीर मचूळ होते. एकदा झालेली विहीर सहजी परत येत नाही. मे महिन्यातल्या तीन आठवड्यांच्या गर्दीला पुरेल एवढे बांधायचे, तर माडबागेतले माड पाडून बांधावे लागते, आणि ते बांधकाम उरलेले दहा महिने कुलूप लावून उभे राहते. सिंधुदुर्ग हा १९९७ साली पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला, याचा मला आनंदच आहे. पण पर्यटन म्हणजे पन्नास दिवसांची झुंबड, असा त्याचा अर्थ कोणी लावला? कोणत्या कचेरीने लावला नाही. तो आपल्या सुट्ट्यांनी लावला.

बँकेत आम्हाला एक धडा घोकून घेतला जाई, सगळी रक्कम एका कर्जदारात गुंतवू नये. किनाऱ्याने आपली सगळी मिळकत आता मे महिन्यात गुंतवली आहे, आणि मे महिना पूर्वीसारखा भरवशाचा राहिलेला नाही. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ याच किनाऱ्याला झोडपून गेले. २०२५ साली मान्सून २५ मे रोजीच देवगडपर्यंत पोहोचला. त्याआधी ऑक्टोबर २०१९ मध्ये क्यार वादळाच्या लाटांनी दिवाळीच्या हंगामाला गाठले होते. शेवटच्या आठवड्यावर ज्यांची मदार होती, त्यांचा आकाशाकडे बघण्यापलीकडे इलाज नव्हता. वर्षभर थोडी थोडी माणसे येत असती, तर एक आठवडा बुडाल्याने वर्ष बुडाले नसते.

यावर तुमचे म्हणणे मला ठाऊक आहे. शाळांना सुट्टी मे महिन्यात; नोकरीत रजा मिळते तेव्हाच जाणार. खरे आहे. ज्याला वर्षातून एकदाच चार दिवस मिळतात, त्याने मे महिन्यात खुशाल जावे, त्याला नावे ठेवणारा मी कोण? पण आपल्यापैकी सगळे तसे नसतात. जोडून आलेली सुट्टी नोव्हेंबरातही असते, जानेवारीतही असते. आणि आम्हा निवृत्तांना तर कसलीच सबब नाही. पेन्शन एक तारखेला येते. ती पंढरीत असलो काय आणि मालवणात असलो काय. आम्हीही नातवंडांच्या सुट्टीला बांधून घेऊन त्याच गर्दीत शिरतो, आणि 'कोकण आता पूर्वीचं राहिलं नाही' म्हणत परत येतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. बाराही महिने माणसे येऊ लागली, तर किनाऱ्याला विसावा कधी? समुद्रालासुद्धा दोन महिन्यांची बंदी लागते. म्हणून मी जास्त माणसे जा असे म्हणत नाही. आहेत तीच माणसे वर्षभरात विभागून जा, असे म्हणतो. आणि जाल तेव्हा त्या महिन्याचे जे असेल ते मागा. जुलैत ताजी सुरमई मागू नका. मिळाली तर ती कुठून आली हे विचारा. 'येवा, कोकण आपलाच असा' असे तिथली माणसे मोठ्या मनाने म्हणतात. आपलाच म्हटल्यावर आपण फक्त जेवणाच्या वेळी हजर राहायचे, हे काही बरे दिसत नाही.

आठवड्याने मी फोन केला. सहा खोल्या बांधू नकोस म्हणालो. असलेल्या दोन नीट कर, वर आणखी एखादी, तीही माड न पाडता. ए.सी.चा खर्च वाचव, त्या पैशात पागोळीचे पाणी विहिरीत सोडायची सोय कर. कर्ज काढलेस तर हप्ता महिन्याला सारखा बांधून घेऊ नकोस. तुझ्या वडिलांनी मला जे शिकवले, ते तू तुझ्या मॅनेजरला शिकव. तो ऐकत होता. मग म्हणाला, "पण सायबानू, बाकीच्या म्हयन्यांनी माणसा येतली काय?"

याचे उत्तर माझ्याकडे नव्हते. ते तुमच्याकडे आहे, म्हणून हा लेख. तांडेल आता नाहीत. काकी आहेत, ऐंशीच्या पुढच्या, आणि पिठी अजून त्याच करतात, असे कळले. मी त्याला म्हणालो, वही काढ आणि जुलैच्या पानावर माझे नाव लिही. आठ दिवस, आम्ही दोघे.

पलीकडे जरा वेळ शांतता. मग तो म्हणाला, "जुलयात? सायबानू, पाऊस आसतलो."

म्हटले, म्हणूनच येतोय.